बेरिलच्या मागावर: नॉर्थ कॅरोलायनातले चार दिवस

बाबांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण दगड दिसला की उचलून उलटा करून बघायची सवय काही गेलेली नाही. ते पाटबंधारे खात्यात होते. नाशिक जिल्ह्यात कालव्याच्या कामावर काळ्या पत्थरात सुरुंग उडाला, की धूळ खाली बसायच्या आत चरात उतरायचे. फुटलेल्या पत्थराच्या पोकळीत गव्हाच्या पेंढीसारखं बांधलेलं स्टिल्बाइट नाहीतर काचेसारखं लखलखीत अपोफिलाइट असायचं. मजूर या सगळ्यालाच गारगोटी म्हणत. आमच्या फडताळाचा खालचा कप्पा या गारगोट्यांचा होता आणि प्रत्येकीखाली बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती: गाव, तारीख, किती हातांवर निघाली.

त्या कप्प्यात बेरिल नव्हतं. दख्खनच्या काळ्या पत्थरात ते नसतंच. पाचू, ॲक्वामरीन, मॉर्गनाइट ही बेरिल या एकाच खनिजाची रूपं. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं की पाचू, लोह शिरलं की समुद्राच्या रंगाचं ॲक्वामरीन, मँगनीज शिरलं की गुलाबी मॉर्गनाइट. नाव मात्र आपल्याकडूनच गेलेलं. प्राकृतातलं वेळुरिय ग्रीकांकडे बेरिलोस झालं. संस्कृतात तेच वैडूर्य. २०२३ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा अमेरिकेत शार्लटला आमच्याकडे आले, तेव्हा मी चार दिवसांची रजा काढून ठेवली होती. आई म्हणाली, "तुम्ही दोघं जा दगड फोडायला, मी नातवाजवळ राहते." आणि आम्ही निघालो.

गुरुवार, १३ एप्रिल: हिडनाइट

शार्लटहून उत्तरेला स्टेट्सव्हिल आणि तिथून पश्चिमेला वळलं की सव्वा तासात हिडनाइट येतं. आसपास शेतं, कोंबड्यांच्या लांबलचक शेडी, लाल माती. बाबांनी खिडकीतून बघून विचारलं, "ही तर आपली कोकणातली माती. इथे पाचू?"

गावाचं जुनं नाव व्हाइट प्लेन्स. नांगरताना हिरवे लांबट खडे वर यायचे, त्यांना शेतकरी हिरवे बोल्ट म्हणायचे. १८७९ मध्ये थॉमस एडिसननं विल्यम अर्ल हिडन या खनिजतज्ज्ञाला या भागात प्लॅटिनम शोधायला धाडलं. प्लॅटिनम मिळालं नाही, पण हे हिरवे खडे मिळाले. काही पाचू होते आणि काही वेगळेच. ते स्पोड्युमीन या खनिजाचं पूर्वी न पाहिलेलं हिरवं रूप ठरलं आणि त्याला हिडनाइट नाव मिळालं. पुढे गावही त्याच नावाचं झालं. १९७३ मध्ये पाचू या राज्याचं अधिकृत रत्न झालं. २००९ मध्ये इथल्याच एका शेतात ३१० कॅरटचा पाचूचा स्फटिक निघाला. त्यातून पैलू पाडून काढलेला जवळपास ६५ कॅरटचा खडा 'कॅरोलायना एम्परर' म्हणून ओळखला जातो.

एमराल्ड हॉलो या खाणीवर पैसे भरून कुणालाही शोध घेता येतो. तीन प्रकार आहेत: लाकडी पन्हळीवर बादलीतली माती धुणं, ओढ्यात चाळण मारणं आणि ठरवून दिलेल्या जागी खणणं. पन्हळीबद्दल एक सांगायलाच हवं. या डोंगराळ भागात रस्त्याच्या कडेला पन्हळींची ठिकाणं बरीच आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी बादलीत बाहेरून आणलेले खडे मिसळलेले असतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी माझ्या मुलाला एका बादलीत जांभळा ॲमेथिस्ट, माणिक आणि सोडालाइट असं सगळं मिळालं होतं. बाबांनी व्हिडिओ कॉलवर बघून मला हळूच सांगितलं, "ही तिन्ही एका जमिनीत होत नाहीत गं." मुलानं ते खडे अजून जपून ठेवलेत, त्याचा आनंद खरा होता. पण माती इथली आहे की भरलेली, हे विकणाऱ्यानं स्पष्ट सांगायला हवं. सहा वर्षांचं पोर जमिनीवर विश्वास ठेवतं. त्या विश्वासाशी खेळू नये.

म्हणून आम्ही दोघं थेट ओढ्यात. पाणी बर्फासारखं गार. मी घमेल्यात वाळू भरायची आणि बाबांनी चाळायची. ते पहिल्या दहा मिनिटांतच म्हणाले, "सोनं धुतात तसं हे धुऊन चालणार नाही." आणि खरंच, बेरिल गारगोटीपेक्षा, म्हणजे इथे क्वार्ट्झपेक्षा, जेमतेम जड. सोनं तळाशी बसतं, बेरिल वाळूबरोबर वाहून जातं. म्हणजे डोळ्यांशिवाय दुसरी चाळण नाही.

दुपारपर्यंत धुरकट गारगोटीचे तुकडे, अभ्रकाचे पापुद्रे आणि रुटाइल या खनिजाची एक तांबूस-काळी काडी एवढं जमलं. मग बाबांनी चाळण ठेवली आणि ओढ्याच्या काठाची दरड निरखायला लागले. मला वाटलं, दमले असतील. पण ते गारगोटीची शीर शोधत होते. इथला पाचू नाइस या पट्टेदार खडकातल्या शिरांमध्ये आणि त्या शिरांच्या पोकळ्यांमध्ये होतो. गरम पाणी भेगांतून फिरलं आणि भिंतींवर स्फटिक वाढले. "म्हणजे आपल्यासारखंच की," बाबा म्हणाले. "खडक वेगळा, पण पोकळी ती पोकळी." नंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी वाळूकडे पाहिलंच नाही. दरडीवर बोट फिरवत पांढरी रेघ कुठून कुठे जाते तेवढंच बघत राहिले.

शुक्रवार, १४ एप्रिल: पाऊस

सकाळपासून रिपरिप. रेनकोट घालून खणायच्या जागेवर पाच तास काढले. लाल चिखल फावड्याला असा चिकटायचा, की दर दोन घावांनी तो काठीनं खरवडावा लागे. एक शीर सापडली, मनगटाएवढी जाड. तिच्या मागोमाग हातभर आत गेलो तर ती निमुळती होत संपली. आत एक मुठीएवढी पोकळी होती, तिच्यात पिवळसर चिखल आणि बोटाच्या पेराएवढे गारगोटीचे चार स्फटिक. हिरवं काही नाही.

मला एकदा हिरवी चमक दिसली आणि छातीत धस्स झालं. बाबांनी भिंगाखाली धरून मला परत दिलं. आत हवेचा गोल बुडबुडा होता. बाटलीची काच.

दुपारी गाडीत हीटर लावून पश्चिमेला निघालो. मॉर्गनटन, मॅरियन, मग ब्लू रिजचा घाट. अंधार पडता पडता स्प्रूस पाइनला पोचलो. पोह्यांचा डबा उरला होता, तोच रात्रीचं जेवण.

शनिवार, १५ एप्रिल: गिलेस्पी गॅप, लिटल स्वित्झर्लंड, क्रॅबट्री

ब्लू रिज पार्कवेच्या ३३१ व्या मैलावर, गिलेस्पी गॅप या खिंडीत, नॉर्थ कॅरोलायनाच्या खनिजांचं छोटं संग्रहालय आहे. पार्कवे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात, त्यामुळे तिथून खडासुद्धा उचलायचा नाही. बाबांनी सवयीनं वाहनतळावरचा अभ्रकाचा चकाकता तुकडा उचलला होता. पाटी वाचल्यावर जिथून उचलला तिथेच नेऊन ठेवला.

स्प्रूस पाइनच्या जमिनीत सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचे पेग्मटाइट, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांचे खडक आहेत. शिलारस खोलवर सावकाश निवत गेला, की आधी फेल्डस्पार, गारगोटी, अभ्रक यांचे स्फटिक बनतात. बेरिलियमचा अणू इतका लहान, की या तिघांच्या रचनेत त्याला नीट जागा मिळत नाही. तो उरलेल्या रसात राहतो. रस कमी होत जातो तसं त्याचं प्रमाण वाढत जातं, आणि अगदी शेवटी, पाणी आणि वायूंनी भरलेल्या त्या उरल्यासुरल्या रसातून बेरिल तयार होतं. लग्नघरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या माणसासारखं ते, असं बाबा म्हणाले. पाचू त्याहून दुर्मीळ, कारण त्याला रंग देणारं क्रोमियम मुख्यतः वेगळ्याच जातीच्या, काळपट खडकांत असतं. बेरिलियम एकीकडे, क्रोमियम दुसरीकडे. दोघांची गाठ क्वचितच पडते.

इथली गारगोटी इतकी शुद्ध असते, की संगणकाच्या चिपसाठी सिलिकॉन ज्या मुशींत वितळवतात त्या बनवायला ती जगभर जाते. दीड वर्षानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, हेलिन वादळात नॉर्थ टो नदीचं पाणी या गावात शिरलं. बाजारपेठेतल्या दुकानांत चिखल भरल्याची चित्रं मी बाबांना पाठवली. त्यांनी लगेच फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, "माणसं ठीक आहेत ना तिथली?"

लिटल स्वित्झर्लंडजवळ एमराल्ड व्हिलेज आहे, जुन्या फेल्डस्पारच्या खाणींचा परिसर. एका खाणीचं नाव बॉन ॲमी. भांडी घासायच्या पावडरीत इथला फेल्डस्पार जायचा. आत अंधारात अतिनील दिवा लावला आणि भिंत पोपटी हिरवी पेटली. हायलाइट नावाचा ओपल साध्या उजेडात खडकावर सांडलेल्या पाण्याच्या थेंबांसारखा दिसतो, नजरेत भरतही नाही. त्यातल्या किंचित युरेनियममुळे तो असा उजळतो. बाबा किती वेळ हललेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्या गारगोट्यांवर कधी असा दिवा मारून बघितलाच नाही मी."

रीतसर परवानगी काढून दुपारी क्रॅबट्रीच्या जुन्या पाचूच्या खाणीवर गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे पाचू काढला गेला. खाण आता पाण्यानं भरलेली आहे. शोधायचं ते बाजूला टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यांत. इथला पाचू फेल्डस्पार आणि गारगोटीच्या पांढऱ्या दगडात काळ्या टूर्मलिनसोबत रुतलेला असतो. पांढरं, काळं आणि त्यात हिरवं असा तो अख्खा दगडच गुळगुळीत घोटून अंगठीत बसवतात. मला तो पैलूदार पाचूपेक्षा जास्त आवडतो. खड्याबरोबर त्याचं घरही दिसतं.

टूर्मलिन हाताला लागलं की कळतं. काडी आडवी मोडून बघावी, छेद फुगीर कडांच्या त्रिकोणासारखा असतो. बेरिलचा छेद नीट षटकोनी. फसवतं ते ॲपटाइट, तेही षटकोनी, पण चाकूनं ओरखडा उठतो. बेरिलवर चाकू चालत नाही, उलट चाकूच झिजतो. आणि गारगोटीशी गल्लत होऊ नये म्हणून दोन खुणा: गारगोटीला टोक असतं आणि अंगावर आडव्या रेघा, बेरिलचा माथा सपाट आणि रेघा असल्याच तर उभ्या.

तीन तासांत मी जवळपास दोनशे दगड ओले करून पाहिले असतील. दगड ओला केल्याशिवाय रंग बोलत नाही. शेवटी एका लिंबाएवढ्या पांढऱ्या तुकड्यात, टूर्मलिनच्या दोन काळ्या काड्यांच्या बेचक्यात, ज्वारीच्या दाण्याहून लहान हिरवा ठिपका दिसला. भिंगाखाली त्याच्या तीन कडा सरळ होत्या. मी बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग दगड माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ स्वतःच्या हातांनी मिटली.

रविवार, १६ एप्रिल: रे खाण

बर्न्सव्हिल स्प्रूस पाइनपासून अर्ध्या तासाच्या आत. गावाच्या दक्षिणेला डोंगर चढत जातो आणि त्या रांगेत पुढे माउंट मिचेल, २०३७ मीटर, मिसिसिपीच्या पूर्वेकडचं सर्वांत उंच शिखर. "कळसूबाईपेक्षा चारशे मीटर उंच," बाबांनी लगेच हिशेब केला. रे खाण ही जुनी अभ्रकाची खाण पिस्गा राष्ट्रीय वनात आहे. इथे हौशी माणसाला स्वतःच्या संग्रहापुरते थोडे दगड, हाताच्या अवजारांनी, वरवर उकरून घेता येतात. यंत्र चालत नाही, विकायचं नाही, उकरलेला खड्डा बुजवून जायचं. हा नियम मला फार योग्य वाटतो. आमच्यानंतर येणाऱ्यालाही तिथे काहीतरी सापडलं पाहिजे.

चढाची पायवाट ओढ्याच्या कडेनं जाते. सुरुवातीला साधी माती, मग एक-दोन चकाकते कण, आणि पुढे पायवाटच चमकायला लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फेकलेलं अभ्रक उतारावरून ओघळत खाली आलेलं. उन्हाचा कवडसा झाडीतून पडला, की पावलापुढे चांदीचा वर्ख पसरल्यासारखं वाटे. बाबा पाय जपून टाकत होते. देवळाच्या ओल्या फरशीवर चालतात तसे.

ढिगारे झाडांनी आणि पाचोळ्यानं झाकलेले आहेत. जुन्या खाणीची तोंडं लोखंडी जाळीनं बंद आहेत आणि तिकडे फिरकायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. आम्ही एका उन्मळलेल्या झाडाशी बसलो. झाड पडताना मुळांनी खालचा ढिगारा वर ओढून आणला होता. ही जागा बाबांनी निवडली. "शंभर वर्षं लोक वरून उकरतायत," ते म्हणाले, "मुळांखालचं कुणी पाहिलं नसेल."

तीन दातांची कुदळी, छिन्नी, हातोडी, जुना टूथब्रश आणि पाण्याची फवारणी. काम सावकाश. अभ्रकाची वह्यांसारखी पुस्तकं निघत होती, पानं सुटी करावीत तशी नखानं सुटत होती. किरमिजी गार्नेटचे दाणे निघाले, डाळिंबाच्या दाण्याएवढे. दुपारी बाराच्या सुमाराला मला फेल्डस्पारच्या एका तुकड्यात फिकट निळसर-हिरवी पट्टी दिसली. ओली केली, घासली. दोन सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर जाड, भेगांनी भरलेली, एका टोकाला तुटलेली. दुसरं टोक सपाट, आणि दगडातून बाहेर डोकावणाऱ्या बाजूला सरळ कडा तीन. चाकूचं टोक ओढलं, रेघ उठली नाही, फक्त पोलादाचा करडा माग राहिला.

बेरिल. पैलू पाडण्याजोगं नाही, भाव नाही, पण बेरिलच. मी जोरात ओरडले तशी समोरच्या झाडावरची खार पळाली.

बाबांना मात्र बेरिल मिळालं नाही. दोन वाजून गेले, तीन वाजले. मी माझा खडा त्यांना देऊ केला. "तो तुझा," ते म्हणाले. साडेतीनला त्यांनी मुळांच्या जाळीतून गारगोटीचा एक ढेकूळ ओढून काढला, धुतला, आणि हाक न मारता नुसताच माझ्यासमोर धरला.

त्यात एक भोक होतं. करंगळी पहिल्या पेरापर्यंत जाईल एवढं, आणि नीट सहा बाजूंचं. आतल्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत, त्यांवर बारीक उभ्या रेघा, आणि तळ सपाट. बेरिल आधी वाढलं, गारगोटी त्याच्याभोवती साचली, आणि कधीतरी, बहुधा खाणकाम चाललं असताना, स्फटिक निखळून गेला. मागे त्याचा साचा राहिला. उभ्या रेघासुद्धा जशाच्या तशा उमटलेल्या.

बाबांनी करंगळी आत घातली आणि सावकाश फिरवली. एक, दोन, तीन, अशा सहाही कडा मोजल्या. "किती मोठा असेल गं तो," म्हणाले. आवाज किंचित ओला होता. चाळीस वर्षं ज्या खनिजाचं नुसतं नाव घेतलं, त्याचा संपूर्ण आकार त्यांच्या बोटाला कळला होता, अगदी माथ्यापासून कडांपर्यंत. माझ्या तुटक्या खड्याला तो नव्हता.

खड्डा बुजवला, पाचोळा पसरला, निघालो. उतरताना बाबा बेरिलियमबद्दल बोलत होते. जेम्स वेब दुर्बिणीचा मुख्य आरसा बेरिलियमच्या १८ तुकड्यांचा आणि प्रत्येक तुकडा षटकोनी, हे मी त्यांना सांगितलं तसे ते वाटेतच थांबले. भारतात त्या वेळी बेरिल अजून कायद्यातल्या अणुखनिजांच्या यादीत होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ते यादीतून निघालं. एक सूचना इथेच सांगते, कारण उत्साहात माणसं विसरतात: अख्खा बेरिल हातात घ्यायला काही धोका नाही, पण तो कोरडा घासू नये. बेरिलियमची धूळ फुप्फुसांसाठी घातक असते. घोटायचा तर पाण्यात आणि मास्क लावून.

रात्री शार्लटला पोचलो तेव्हा आई जागी होती. तिनं दोघांचे कपडे आधी अंगणात झटकायला लावले. तरी दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनच्या जाळीत अभ्रक चमकत होतं. बाबा जेवायच्या आधी टेबलाशी बसले. मुलाच्या वहीचा कागद मागितला, चौकोन कापले आणि गारगोटीचा तो ढेकूळ उजव्या हाताशी ठेवून लिहायला घेतलं. माझ्या बेरिलची चिठ्ठी आधी लिहिली, पाचूच्या ठिपक्याची मग. तिसरीपाशी जरा थांबले. 'नाव' या रकान्यासमोर काय लिहावं, असं विचारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच लिहिलं:

"बेरिलची जागा. रे खाण, बर्न्सव्हिल. १६ एप्रिल २०२३. उन्मळलेल्या झाडाच्या मुळाखाली, दीड हातावर."